डावीकडची टिकटिक

डोळे गेल्यापासून नाना घाटकोपरच्या गॅरेजमध्ये बसून नुसतं सांगत आणि त्यांची मुलगी करुणा गाड्या दुरुस्त करी. आज दोघे त्यांच्या जुन्या मोटारसायकलच्या सरकारी तपासणीला आले होते; नापास झाली तर गाडी भंगारात जाणार होती. नेमके रांगेतच डावीकडचे दोन्ही इंडिकेटर बंद पडले. "नाना, वाट लागली! काय बघू?" "तुझं तू शोध," नाना म्हणाले. करुणाने बल्ब तपासले, ते चांगले होते. उजवीकडची टिकटिक नीट ऐकू येत होती, म्हणजे दिवे लुकलुकवणारा फ्लॅशरही ठीक होता. तिने हँडलवरचा स्विच उघडला आणि आतली डाव्या बाजूची काळवंडलेली पट्टी पॉलिशपेपरने घासली. डावे इंडिकेटर लुकलुकले, गाडी पास झाली. "तुम्हाला आधीच कळलं होतं ना?" तिने विचारलं. "उजवी टिकटिक ऐकली, तेव्हा लगेच." "मग सांगितलं का नाही?" नाना हसले. "तुला सापडणार, हेही कळलं होतं."