तांब्याभर पाणी

साखरेचा डबा स्नेहानं उचलला आणि सरळ आपल्या पिशवीत घातला. चहापत्तीची पुडीही घातली. मग काचेचे चार पेले फडक्यात गुंडाळून तेही.

तिची आई, विमलाबाई, खाटेवरून बघत होती. "पेले तरी राहू दे गं. कोणी आलं गेलं..."

"कोणी येणार आहे म्हणूनच नेतेय," स्नेहा म्हणाली.

म्हातारीच्या पाहुणचारानंच घात केला होता. एकट्या म्हाताऱ्यांच्या घरभाड्याला मदत करणारी एक संस्था होती. उन्हाळ्यात तिथं अर्ज दिला, तशा चौकशीला एक बाई आल्या. विमलाबाईनं त्यांना धुतलेली चादर अंथरली. शेजारच्या लंकाबाईकडून दूध उसनं आणून घट्ट चहा केला, वर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. माहेर कुठलं ते विचारलं. निफाडचं निघालं, तर बोलणं द्राक्षाच्या छाटणीवर गेलं ते गेलंच. भाड्याचा विषय निघाला तेव्हा म्हातारीनं पदर सारखा केला आणि सांगितलं, "थकत नाय कधी. येळच्या येळी देते."

चार महिन्यांचं थकलेलं होतं.

महिन्यानं पत्र आलं. अर्जदाराची परिस्थिती समाधानकारक आढळली, सबब अर्ज नामंजूर.

तेव्हापासून स्नेहाच्या चपला झिजत होत्या. अंबडला ती ठेकेदाराकडे पॅकिंगला होती, एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. तरी खाडे करून तिनं उत्पन्नाचा दाखला काढला, शेजाऱ्यांच्या सह्या आणल्या, संस्थेच्या टेबलासमोर तासन्‌तास उभी राहिली. आईला आपल्याकडे न्यावं तर तिथं एका खोलीत पाच माणसं आणि सासू अंथरुणाला खिळलेली. शेवटी टेबलामागचा माणूस कंटाळून म्हणाला होता, की पुन्हा एकदा माणूस पाठवू, कधी ते सांगणार नाही, आणि या वेळी जमलं नाही तर फाईल कायमची बंद.

नाशिक रोडच्या त्या चाळीत पाच खोल्या. म्हातारा मालक होता तोवर चार महिने मागेपुढे चालून जायचं. तो गेला. मुलाला तिथं इमारत उठवायची होती. तीन खोल्यांना कुलपं लागली होती. मुलगा यायचा, गाडीतूनच हात जोडायचा आणि जाताना विमलाबाईची खोली डोळ्यांनी मोजून जायचा.

"आता नीट ऐक," स्नेहानं आईसमोर बसत सांगितलं. "फाईल घेऊन माणूस आला की चहा नाही, पाणी नाही. चादर बदलायची नाही. खरं ते सांगायचं. किती महिने थकलंय, देणं होत नाही, सगळं. आणि तू कोण, कुठला, कोणाचा, हे विचारत बसायचं नाही. त्यांना आवडत नाही."

विमलाबाईनं मान हलवली. थोड्या वेळानं ती भिंतीकडे बघत पुटपुटली. जात्यावर बसायची तेव्हाची तिची स्वतःची ओवी होती ती.

"आला गं पाहुणा, आधी पुसा त्याचा गाव,
पाण्याच्या तांब्यासंगं ओठी येऊ द्यावं नाव..."

"ही तर मुळीच नको," स्नेहा म्हणाली. मग तिला स्वतःचंच वाईट वाटलं आणि तिनं आईचे गुडघे चेपायला घेतले.

बाराव्या दिवशी लंकाबाईचा फोन आला, की तुझ्या आईकडे फाईलवाला येऊन गेला. पाळी सुटल्यावर स्नेहा तशीच धावत आली.

विमलाबाई खाटेवर बसली होती, परीक्षा देऊन आलेल्या पोरीसारखी. तिनं सांगितलं ते असं. माणूस उंबऱ्यावरच बसला. किती वर्षं राहता, शेवटचं भाडं कधी दिलं, विचारलं. तिनं खरं सांगितलं, सात महिने झाले. पुढं जमेल का म्हणाला. या जन्मात नाय, म्हणाली. त्यानं खोलीचे फोटो काढले, कागद लिहिला आणि तिनं साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही केली.

"वाचून दाखवलं?"

"निम्मं दाखवलं. माझंच बोलणं होतं. बाकी नेहमीचंच असतं म्हणला."

"नाव-गाव विचारलं नाहीस ना?"

"नाय बाई. तू सांगितलं तसंच." म्हातारीचा आवाज एकदम बारीक झाला. "पाणी मागितलं गं त्यानं. उन्हातून आलेला. कोपऱ्यात माठ भरलेला, आन मी म्हणले, नळ गेलाय. जन्मात पहिल्यांदा."

स्नेहानं आईचा हात हातात घेतला. कितीतरी महिन्यांनी तिला हलकं वाटलं. "एवढं एकदाच होतं ते. पुढच्या महिन्यापासून मदत चालू होईल, मग सगळी चाळ बोलव चहाला."

लंकाबाईकडे ठेवायला दिलेली पिशवी तिनं आणली, साखरेचा डबा काढून फळीवर ठेवला. पेले धुतले. चहा उकळून वर आला तशी विमलाबाईनं उशीखालून घडी केलेला कागद काढला.

"ही नक्कल मला ठेवायला दिली त्यानं. पोरीला दाखवीन म्हणले."

स्नेहानं एका हातात पेला धरून दुसऱ्या हातानं घडी उलगडली. तीस वर्षं राहते, लिहिलं होतं. सात महिने भाडं दिलेलं नाही, पुढे देण्याची ऐपत नाही. सगळं खरं, शब्द न्‌ शब्द आईचा. खाली ती थरथरती सही होती, आणि सहीच्या अगदी वर शेवटची ओळ: "सबब सदर खोली मी या महिनाअखेर राजीखुशीने रिकामी करून मालकांच्या ताब्यात देईन."