दोन्ही सारख्या

जुळ्या बहिणींच्या फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर आधीच गळ्यापर्यंत भरलेला होता. तरी धाकटीने हट्टाने त्यात नवीन सॉफ्टवेअर घातलं आणि तो अडूनच बसला. जागा करायला तिने त्याला सारख्या फायली शोधायला लावल्या.

पडद्यावर दोनच फोटो आले. एक तिचा, एक थोरलीचा. खाली प्रश्न होता: ‘दोन्ही सारख्या. कोणती काढू?’

"दहा मिनिटांनी का होईना, वेगळी जन्मलेय मी," धाकटी फणकारली. "आमच्यातली जास्तीची कोण, हे तू ठरवणार? गेलास उडत!"

तिने ‘रद्द करा’ दाबलं. प्रश्न परत आला. या वेळी फोटोत तिच्या अंगात आज सकाळीच घातलेला निळा शर्ट होता.

तिने सरळ वायर उपटली. पडदा तरी उजळलेलाच राहिला: ‘एक काढली. जागा झाली.’

"ताई!" तिने हाक मारली.

थोरली आतून चहा घेऊन आली. रोज दोन कप असायचे, आज ट्रेमध्ये एकच होता. हाकेला ओ न देता ती थेट धाकटीच्या खुर्चीपाशी आली आणि रिकाम्या खुर्चीत बसावं तशी बसायला वळली.

धाकटीने खुर्चीचे हात घट्ट धरले. धाकटी जागची तसूभरही हलली नाही.