काळी एकचा सा

"दोघी एकत्र वाजवायला बसलात, की जिचा सा खालचा, तिच्याकडे दुसरीनं उतरायचं. खालच्याला वर ओढायचं नाही. कबूल?"

गेल्या वर्षी दवाखान्यातल्या खाटेवरून रमाकांतसरांनी हे विचारलं होतं. स्वरदानं त्यांच्या पायाला हात लावून "कबूल, सर" म्हटलं होतं.

आज सरांचा पहिला स्मृतिदिन. बारामतीतल्या एका शाळेच्या सभागृहामागच्या खोलीत, सतरंजीवर, सरांच्या दोन शिष्या व्हायोलिनं घेऊन समोरासमोर बसल्या होत्या. स्वरदा डॉक्टरांची मुलगी, गावातलीच. छकुली तिच्याहून लहान, अंथुर्ण्याची. काकाच्या दुधाच्या टेम्पोत पुढं बसून आलेली. दोघींच्या मध्ये सरांच्या पत्नी, सुधाकाकू, वाती वळत होत्या. काकूंनी आज नेम धरला होता. सरांच्या फोटोपुढं दोघींचा सूर लागेपर्यंत बोलायचं नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही.

स्वरदाच्या मोबाइलवर तानपुरा चालू होता. पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा, काळी दोनचा.

"मिळव," ती म्हणाली.

"ताई, हे काळी एकच्या वर जात न्हाय. तुमाला ठावं हाय."

"ठाऊक आहे. मिळव."

छकुलीच्या हातात सरांचं व्हायोलिन होतं. मानेचा जोड एकदा निसटलेला, सरस लावून बसवलेला. जोड सुटेल म्हणून सरांनी त्याच्या तारा काळी एकच्या वर कधीच चढवल्या नाहीत. जाण्याआधी त्यांनी ते छकुलीला दिलं. एवढीशी होती तेव्हापासून त्यांच्या दारात येणाऱ्या स्वरदाला नाही दिलं.

स्वरदाचं व्हायोलिन नवंकोरं. काळी दोनवर ते असं बोलायचं, की मागच्या भिंतीला टेकलेला माणूसही मान वळवून बघे. पण तेच खाली उतरवलं की घसा बसल्यासारखं होई, आणि नुकत्याच उतरवलेल्या तारा वाजवता वाजवता सरकत. एरवी चाललं असतं. आज सभागृहात पहिल्या रांगेत पुण्याच्या पेंडसेबाई बसल्या होत्या. त्यांचं व्हायोलिन ऐकत ऐकतच स्वरदा मोठी झाली होती, ताप आला तरी उशाशी तेच लावून झोपायची. आजच्या वादनानंतर बाई दोघींपैकी एकीला शिष्या म्हणून नेणार होत्या. एकीलाच.

"तुला काय करायचंय पुण्याला जाऊन?" स्वरदा म्हणाली. "घरी धारा कोण काढणार?"

"आमच्याकडं मशीननं काढत्यात. आलात कवा तर दाखवीन."

"सरांना दया आली म्हणून मिळालंय तुला ते."

"दया आसंल. आली तर माझीच आली न्हवं?"

स्वरदाच्या कानशिलांना चटका बसला. तिनं मोबाइलचा आवाज वाढवला. काळी दोन खोलीभर झाली.

"बाईंसमोर रडगाणं नको. मिळवायचं नसेल तर सांग, मी एकटी बसते."

छकुलीनं ओठ आवळले. "धरा तुमची काळी दोन," असं म्हणून तिनं पावलाशी टेकलेल्या व्हायोलिनच्या टोकाच्या खुंटीला हात घातला आणि पीळ दिला. तार कण्हत वर चढली. दुसरी तार. पुन्हा पहिली. काकूंचे हात वातीवर थांबले. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. स्वरदाला जोड दिसत होता. थांब म्हणायला एक शब्द पुरला असता. तिनं तो उच्चारला नाही.

टक्.

तार तुटली नव्हती. मानेपाशी, सरस लावलेल्या जागी, केसाएवढी रेघ उमटली होती.

छकुलीनं हळूच हात काढून घेतला. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"आजून थोडा कमी पडतोय, ताई. चढवू?"

 पलीकडं सभागृहात निवेदकानं माइकवर टिचकी मारली. त्यानं आधी स्वरदाचं नाव घेतलं, मग छकुलीचं, आणि टाळ्या झाल्या.

स्वरदानं काकूंकडे पाहिलं. त्यांचे ओठ सुकले होते. त्या व्हायोलिनकडे बघत नव्हत्या, तिच्याकडे बघत होत्या. ती 'कबूल' म्हणाली त्या दिवशी सरांच्या खाटेपाशी उशी सारखी करत काकूच उभ्या होत्या.

स्वरदानं मोबाइल उचलला. तानपुरा काळी एकवर आणला.

"तुझ्यासाठी नाही करत," ती म्हणाली.

"म्या कुठं मागितलंय?"

छकुली जोडावर अंगठा दाबून आपल्या तारा जपून खाली आणू लागली. स्वरदानंही स्वतःची खुंटी धरली. काल दिवसभर खपून बसवलेली तार. तिनं ती उलटी फिरवली. आवाज घरंगळत खाली आला, ढिला पडला. तिनं दुसरी खुंटी धरली. मग तिसरी.

काकूंनी वळलेली वात समईत ठेवली. पेटवली नाही.

स्वरदानं गज तारेवर टेकवला, मान वाकवून कान जुन्या व्हायोलिनपाशी नेला. छकुलीकडे बघितलं मात्र नाही.

"दे," ती म्हणाली. "तुझा सा दे."