भिजवलेले बदाम

नवसाबाईंनी नव्वदी कधीच ओलांडली होती. डोळ्यांना कमी दिसायचं, पण निफाडपासून पेठपर्यंत कोण कुणाची लेक आणि कुणाची सून, हे त्यांना तोंडपाठ. सोयरीक जुळवायची म्हटलं की लोक आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. शहाण्णव साली तुळशीचं लग्न उरकताच भावकीतला गोरक्ष आला. पोराला निफाडची मुलगी पसंत होती, फक्त सुपारी फोडायची राहिली होती. चहाची बशी खाली ठेवून त्याने हळूच विचारलं, "आजी, पोरीच्या पणजीला कोड होतं असं कानावर आलंय. तिला पाहिलेलं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाय. खरं असंल तर नको म्हणून कळवतो." नवसाबाईंच्या डोळ्यांपुढे तो हात लख्ख उभा राहिला, मनगटापर्यंत पांढराफटक. तरुणपणी दोघी वांग्याच्या मळ्यात शेजारी बसून खुरपायच्या, आणि घरातून उपाशी निघालेल्या नवसाबाईंच्या पदरात तोच हात आपली अर्धी भाकरी टाकायचा. "नाय रे आठवत," त्या म्हणाल्या. "आता काहीच ध्यानात राहत नाय." "तुला आठवत नाय म्हणजे नसंलच!" म्हणत गोरक्ष हलक्या मनाने उठला. दाराआडून ऐकणाऱ्या सुनेच्या, मालनबाईंच्या, काळजात मात्र चर्र झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या सासूला भिजवलेले बदाम वाटून दुधातून देऊ लागल्या. नवसाबाई ते दूध निमूट पीत, आणि गोरक्षच्या पोराचं लग्न लागेपर्यंत रोज सकाळी विचारत, "मालन, आज वार कोणता गं?"