चिहारूचा शिक्का

“शिक्का इतकी वर्षं कुणाकडे होता?” कोइदे-साननं विचारलं.

“माझ्याकडे. आणखी कुणाकडे असणार?” मिसाओनं बटव्याचं टिचबटण उघडलं आणि जपानात सहीऐवजी चालतो तसला करंगळीएवढा लाकडी शिक्का टेबलावर उभा केला.

टेबलाभोवती पाइनची बुटकी झाडं कुंड्यांतून ऊन खात होती. गार्डिनातली ही नर्सरी मिसाओच्या लेकीची, चिहारूची. झाडं तिची, कुंड्या तिच्या; जमीन मात्र भाड्याची. मालकानं जमीन विकायला काढली होती आणि आधी चिहारूलाच विचारलं होतं. म्हणून तर मिसाओ या वयात जपानातल्या ओकायामाहून समुद्र ओलांडून अमेरिकेला आली होती.

“लेक तान्ही होती तेव्हाच बँकेत तिच्या नावानं खातं उघडलं मी,” ती ठसक्यात म्हणाली. “शिक्काही तिच्याच नावाचा कोरून घेतला. नुसतं ‘चिहारू’. मुलीच्या शिक्क्यावर आडनाव घालून काय करायचं, ते बदलायचंच. बदललं की नाही? लग्न करून आगिरे झाली. शिक्का आहे तसा चालतो! तेव्हापासून थोडं थोडं टाकत आलेय. देऊन कधीच झालंय, कोइदे-सान. आता त्यावर कसला आलाय कर?”

कोइदे-सान इथल्या जपानी माणसांचे कर बघायचा. दोन्हीकडचे कायदे त्याला पाठ होते. त्यानं जवाच्या गार चहाचा घोट घेतला आणि चिहारूकडे वळला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“परवा कळलं,” चिहारू नखांतली माती काढत म्हणाली. “विमानतळावर. आई गाडीत बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, तुझा पैसा आणलाय.”

कोइदे-सानला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. “मग ऐका, मिसाओ-सान. ‘तेव्हाच दिलं’ म्हणालात तर ते खातं चिहारू-सानचं ठरतं. परदेशातलं खातं इथल्या सरकारला दरवर्षी कळवावं लागतं. यांनी एकदाही कळवलेलं नाही. दंड लागला तर जमीन राहिली बाजूला, या कुंड्याही जातील. आणि आपल्याकडचे, जपानातले करवाले तरी कुठे ऐकणार? नाव कुणाचंही असो, ते विचारतात शिक्का कुणाच्या हातात होता. ज्याचा हात, त्याचा पैसा.”

“मग आता?”

“खरं ते सांगायचं. पैसा तुमचा होता, आज देताय. आपल्याकडे पैसा घेणाऱ्यानं कर भरायचा असतो, तो चिहारू-सान भरतील. इथं कर नाही, फक्त कळवायचं. उरेल त्यात जमीन होते, मी बघितलंय. फक्त...” तो जरा घुटमळला. “तुम्हाला लिहून द्यावं लागेल. आजवर दिलं नव्हतं म्हणून.”

आजवर दिलं नव्हतं.

भात विकला तेव्हा दिलं होतं. द्राक्षं विकली तेव्हा दिलं होतं. लेक भांडून निघून गेली, लग्नाला आईला बोलावलंसुद्धा नाही, त्याही वर्षी मिसाओ छत्री घेऊन बँकेत गेली होती. शिक्का लेकीला पाठवून द्यावा असं कितीदा मनात आलं. पाकीटही केलं होतं. मग ते पाकीट तिनं पुन्हा फोडलं. बटव्यात तो शिक्का चाचपला की वाटायचं, लेक लांब गेली खरी, पण तिचं बोट अजून आपल्या मुठीत आहे.

“आई, राहू दे,” चिहारू म्हणाली. “जमीन गेली तर गेली. असलं काही लिहू नकोस.”

“गप्प बस. जाताना मला विचारलं होतंस? मग आता मी तुला कशाला विचारू?” मिसाओ ताठ बसली. “लिहा, कोइदे-सान. दिलं दिलं म्हणत होते, हातातून सुटलं नव्हतं. आज देतेय.”

कोइदे-साननं बक्षीसपत्र लिहून पुढे केलं. मिसाओनं आडनावाचा स्वतःचा शिक्का शेंदरी शाईत टेकवून कागदावर दाबला. ठसा नवा कोरल्यासारखा सरळ उठला. मग तिनं लहान शिक्का एका बोटानं लेकीकडे सरकवला.

चिहारूनं तो उचलला. सही करण्यात जन्म गेला होता तिचा. ती शिक्का गोल गोल फिरवत राहिली.

“वरची बाजू कुठली गं? काही खूणच नाही यावर.”

“मुद्दामच ठेवलेली नाही. शिक्का मारण्याआधी माणसानं थांबावं म्हणून.”

मिसाओचा हात आपसूक पुढे गेला. अर्ध्यावर थांबला. मग चहाच्या पेल्याभोवती जाऊन बसला.

चिहारूनं ओठ घट्ट मिटले, शिक्का टेकवला आणि सगळा भार टाकून दाबला. उचलून बघते तो ‘चिहारू’ डोक्यावर उभी. त्या नावाचा अर्थ हजार वसंत. हजारच्या हजार वसंत पाय वर करून पडले होते.

“उलटा उठला,” कोइदे-सान च्यक् करत म्हणाला. “थांबा, दुसरा कागद काढतो.”

“कशाला?” मिसाओनं कागद स्वतःपुढे ओढला आणि ओल्या ठशावर हळूच फुंकर घातली. “माझ्या हातून हा कधी उलटा उठला नाही. राहू दे असाच. आता कुणीही सांगेल, शिक्का कुणाच्या हातात आहे ते.”