लख्ख फरशी

आपली आई घरोघरी धुणीभांडी करायची, हे अबोलीनं ऑकलंडच्या ऑफिसात कुणाला कळू दिलं नव्हतं. आज ऑफिसच्या मैत्रिणी आईला आर्ट गॅलरी दाखवायला घेऊन आल्या होत्या. जुन्या डच चित्रात मालकीण शेजारणीला पत्र वाचून दाखवत होती आणि मागं मोलकरीण झाडू धरून उभी होती.

“बिचारी राबतेय,” गाईड म्हणाली.

अबोलीनं ते मराठीत सांगताच आई फिसकन हसली. “राबतेय कसली! फरशी बघ, लख्ख! केर केव्हाच काढून झालाय. पत्र ऐकायला थांबलीये सटवी!”

अबोलीनं हे इंग्रजीत सांगितलं आणि सगळ्या खिदळल्या.

“या बाई आर्ट कॉलेजात शिकवतात का?” गाईडनं विचारलं.

“छे! पुण्यात पाच घरची धुणीभांडी करायची माझी आई!” हसण्याच्या भरात अबोली बोलून गेली.

त्यातलं ‘फाइव्ह हाउसेस’ तेवढं आईला कळलं. “सहा गं, सहा! गोखल्यांना विसरलीस!”