मंगळावरची भिशी-ऑर्डर

"गोळी चिमूटभर आणि डिलिव्हरी चार्ज हत्तीएवढा!" सरोजिनीकाकू हेमांगीशेजारी बसून पुटपुटल्या.

पृथ्वीवरून मंगळावर माल येताना ठरावीक वजनापर्यंत अख्ख्या ऑर्डरला एकच चार्ज लागे, म्हणून वसाहतीतल्या बायका भिशीसारखी एकत्र ऑर्डर लावत. यंदा हेमांगीच्या सासऱ्यांची, तात्यांची, औषधं बसावीत म्हणून एकीने लोणचं वगळलं, दुसरीने लेकीचे घुंगरू. काकूंनीही कुरकुरत चहापत्ती खोडली.

"बसलं गं बाई वजनात!" हेमांगीने बटणावर बोट नेलं. खाली 'पोचण्यास नऊ महिने' असं लिहिलेलं होतं. ती ओळ कुणीच मोठ्याने वाचली नव्हती.

मागच्या खुर्चीत बसलेल्या तात्यांनी तिचा हात अलगद धरला. "पोरी, यादीतून माझं नाव काढ. यान येईल नऊ महिन्यांनी, मी फार तर तीन महिन्यांचा सोबती."